तू कुठला, हे कोणी सिद्ध करायचं?

भात आणि नागली घरात आली, दिवाळी उरकली, की पालघर जिल्ह्याच्या मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्याच्या आसपासच्या पाड्यांवरची माणसं जगायला निघतात. मुकादमाची उचल आधीच अंगावर असते. कुणी भिवंडी-वसईकडच्या वीटभट्टीवर, कुणी ठाण्या-नालासोपाऱ्याच्या बांधकामावर, कुणी घाट चढून नाशिककडे द्राक्षबागेत. विहीगावमार्गे जीपने कसारा गाठायचं आणि तिथून लोकल. भांडीकुंडी, गोधड्या, पोरंबाळं आणि या सगळ्याबरोबर एक प्लॅस्टिकची पिशवी. ती बाईच्या कमरेला नाहीतर ट्रंकेच्या तळाशी. आत आधार, रेशनकार्ड, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बँकेचं पासबुक, पोरांचे शाळेचे दाखले.

ही पिशवी कधी उघडून पाहावी. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी. बाळंतपण घरी झालं, तारीख कुणी टिपली नाही, मशीनवाल्याने वर्षाचा पहिला दिवस टाकला. त्याच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर १ जून, कारण गुरुजींनी शाळा सुरू होण्याच्या महिन्याशी वय जुळवून घेतलं. रेशनकार्डावर नाव काळू, पासबुकात काळुराम, मतदार यादीत आडनावाच्या जागी भलतंच काही. यात लबाडी कुणाचीच नाही. लिहिणारे वेगवेगळे होते आणि ज्याचं नाव लिहिलं जात होतं त्याला वाचता येत नव्हतं, एवढंच.

घुसखोर, स्थानबद्धता, हद्दपारी या विषयांवरच्या लेखात खोडाळ्याची पिशवी कशाला, असं वाटेल. पण पालघर जिल्ह्याची दोन टोकं एकदम पाहिली तर ती पिशवीच विषयाच्या मध्यभागी येते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. पूर्वेला मोखाडा-जव्हार, पाचव्या अनुसूचीतला आदिवासी मुलूख. इथून माणसं बाहेर जातात. पश्चिमेला वसई, नालासोपारा, विरार. तिथे साऱ्या देशातून माणसं येतात आणि २०२० पासून तिथे मीरा-भाईंदर, वसई-विरार असं स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे. बांगलादेशी असल्याच्या संशयावरून माणसं उचलल्याच्या बातम्या याच पट्ट्यातून येत असतात. बंगाली बोलणारा गवंडी, भंगार वेचणारी बाई, हॉटेलातला पोऱ्या. त्यातले काही खरोखरच सीमा ओलांडून, खोटे कागद करून आलेले असतात. काही नसतात. कोण कुठला, हे चेहरा पाहून सांगता येत नाही. सगळं घोडं इथेच पेंड खातं.

‘बेकायदा आलेल्या परदेशी माणसाला कसले आलेत हक्क, आणि कायद्याची रीत तरी कशाला?’ हा प्रश्न चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या चर्चेपर्यंत ऐकू येतो. विचारणाऱ्याने एक गोष्ट न सांगता गृहीत धरलेली असते, की समोरचा परदेशी आहे हे ठरून गेलं आहे. खरं तर ठरवायचं असतं तेच. चौकशी, सुनावणी, कागदांची पडताळणी ही परदेशी माणसावर केलेली मेहेरबानी नाही. परदेशी कोण आणि आपला कोण, हे कळायला दुसरा मार्गच नाही. रीत गाळली तर पहिला फटका बसतो तो ज्याची पिशवी फाटकी आहे अशा देशी माणसाला.

जून २०२५ मध्ये हे अगदी जवळ घडलं. मीरा रोड भागात गवंडीकाम करणारा मुर्शिदाबादचा एक माणूस पोलिसांनी बांगलादेशी म्हणून धरला. वृत्तपत्रांत आलेल्या हकिकतीप्रमाणे गावाकडून घरच्यांनी कागद पाठवले, पश्चिम बंगालच्या स्थलांतरित कामगार कल्याण मंडळानेही कळवलं. तरी काही दिवसांतच त्याला सीमा सुरक्षा दलाच्या ताब्यात देऊन रात्री सीमेपलीकडे ढकलण्यात आलं. महाराष्ट्रातून असेच नेलेले आणखीही काही जण होते. पश्चिम बंगाल सरकारने कागद पुढे केले, दोन्हीकडच्या सीमा दलांची ध्वजबैठक झाली आणि ही माणसं परत आणावी लागली. म्हणजे ती भारतीय निघाली. जी चौकशी आधी व्हायची ती त्यांना परदेशात टाकून आल्यावर झाली.

त्याच महिन्यात दिल्लीत उचललेल्या बीरभूमच्या एका कुटुंबाची गत याहून वाईट. त्यातली बाई गरोदर होती. सीमेपार गेल्यावर त्यांना बांगलादेशच्या तुरुंगात राहावं लागलं. २६ सप्टेंबर २०२५ रोजी कलकत्ता उच्च न्यायालयाने ही हद्दपारी रद्द केली. न्यायालयाने बोट ठेवलं ते साध्या गोष्टीवर. केंद्रीय गृह मंत्रालयाच्याच सूचनेप्रमाणे संशयिताच्या मूळ राज्याकडून ३० दिवसांत पडताळणी करून घ्यायची होती, आणि इथे तर काही दिवसांतच माणसं सीमेपार गेली होती. सरकारने स्वतः घालून घेतलेला नियम सरकारच्याच घाईने मोडला. ती बाई मुलाला घेऊन परत आली तेव्हा डिसेंबर उजाडला होता.

मुंबईला हे नवं नाही. जुलै १९९८ मध्ये शिवसेना-भाजप युतीचं सरकार असताना मुंबईच्या जरी कारागिरांना बांगलादेशी ठरवून कुर्ला-हावडा एक्स्प्रेसने सीमेकडे नेत होते. पश्चिम बंगालमध्ये उलुबेडिया स्टेशनवर जमावाने गाडी अडवून त्यांना सोडवलं. हे आमचे लोक आहेत, असं जमावाचं म्हणणं. रीत ना इकडच्या पोलिसांनी पाळली, ना तिकडच्या जमावाने. रीत नसली की दुसरं काय होणार?

आता घटना काय म्हणते ते पाहू. भाषण, संचार, देशात कुठेही राहणं हे अनुच्छेद १९ मधले हक्क नागरिकांना आहेत. पण अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये घटनाकारांनी ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हटलं. कायद्याने घालून दिलेल्या रीतीवाचून कुणाही व्यक्तीचं स्वातंत्र्य हिरावता येत नाही. अनुच्छेद २२ प्रमाणे अटकेची कारणं सांगावी लागतात, वकील भेटू द्यावा लागतो, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता एवढेच याला अपवाद. हावडा स्टेशनवर बांगलादेशी बाईवर बलात्कार झाला, त्या प्रकरणात २००० साली सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं की ती परदेशी असली तरी अनुच्छेद २१ तिचाही आहे.

दुसरी बाजूही तितकीच पक्की आहे. परदेशी माणसाला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार अमर्याद आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये हान्स म्युलर या जर्मन माणसाच्या खटल्यात म्हटलं. ते अजून कायम आहे. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर भारताने सही केलेली नाही. नागरी आणि राजकीय हक्कांचा करार १९७९ मध्ये स्वीकारला, तोही परदेशी माणसाच्या हद्दपारीबद्दलच्या कलमावर आपला कायदा राखून ठेवत. बेकायदा आलेल्याला परत पाठवायचंच नाही, असं भारतातलं कुठलंही न्यायालय म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. मात्र तो अधिकार परदेशी माणसावर आहे. समोरचा परदेशी आहे, हे ठरवण्याची पायरी त्याच्या आधीची.

आणि या पायरीवर कायद्याने एक मोठी उलटापालट करून ठेवली आहे. फौजदारी खटल्यात आरोप सिद्ध करण्याचं ओझं सरकारवर असतं. परदेशी नागरिकांच्या १९४६ च्या कायद्यात कलम ९ ने ते संशयिताच्या डोक्यावर दिलं. मी भारतीय आहे, हे त्याने सिद्ध करायचं. १ सप्टेंबर २०२५ पासून हा कायदा आणि आणखी तीन जुने कायदे जाऊन आप्रवास आणि परदेशी नागरिक कायदा, २०२५ आला. ओझं जिथे होतं तिथेच राहिलं. याचं समर्थन सर्वोच्च न्यायालयाच्या २००५ च्या आसामविषयक निकालात आहे. आपण कुठे जन्मलो, आई-बाप कोण, हे ज्याचं त्यालाच ठाऊक असतं, तेव्हा त्याने सांगावं. युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण त्यात एक मेख आहे. माहीत असणं निराळं आणि कागदावर दाखवता येणं निराळं.

नागरिकत्व कायद्याची चाळणी खोडाळ्याजवळच्या एखाद्या पाड्याला लावून पाहा. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक. त्यानंतर ३ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्याला आई-बापांतलं एक तरी भारतीय लागतं. त्याही नंतरच्याला दोघं भारतीय हवेत, किंवा एक भारतीय आणि दुसरं बेकायदा आलेलं नसावं. आज विशीच्या आतला पोरगा या शेवटच्या खान्यात पडतो. त्याने नुसता आपला जन्म दाखवून भागत नाही, आईचा आणि बापाचाही दाखवावा लागतो. बाप जन्मला तेव्हा नोंद करायला पाड्यावर कोण आलं होतं?

आधार आहे ना, असं लोक म्हणतात. आधार कायद्यातच लिहिलं आहे की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातल्या एका संशयिताला जामीन नाकारताना मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अमित बोरकर यांनी हेच सांगितलं. आधार, पॅन, मतदार ओळखपत्र नुसतं हातात असल्याने कुणी नागरिक ठरत नाही. उलट २०२० मध्ये मुंबईतल्याच एका दंडाधिकारी न्यायालयाने मतदार ओळखपत्र पुरेसं मानून दोघांना निर्दोष सोडलं होतं. मग नेमका कोणता कागद चालतो? याचं एका ओळीत उत्तर भारतात कुठेच लिहिलेलं नाही. पासपोर्ट चालावा. तो खोडाळ्याच्या किती घरांत निघेल?

गंमत म्हणजे हे उलटं ओझं मोखाड्याच्या माणसाला अनोळखी नाही. जातीचा दाखला काढायला गेलेल्या प्रत्येकाने ते वाहिलं आहे. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. मग आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधा. आजोबा शाळेतच गेले नव्हते, तर तहसीलच्या दप्तरात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक शोधा. त्यात जन्म-मृत्यू मोडीत लिहिलेले, पानं कसरीने खाल्लेली. पुढे दाखल्याची पडताळणी. महाराष्ट्राच्या २००० सालच्या जात प्रमाणपत्र कायद्यात कलम ८ ने इथेही सिद्ध करण्याचं ओझं दावेदारावरच आहे. पण तिथे एक समिती असते, दक्षता पथक गावात जाऊन चौकशी करतं, त्याचा अहवाल दावेदाराला मिळतो, त्याला बोलायची संधी असते, निर्णय कारणांसकट लिहावा लागतो आणि तो पटला नाही तर उच्च न्यायालयाचं दार उघडं असतं. वर्षं जातात, जोडे झिजतात. पण रीत आहे.

या समित्यांची एक सवय होती. चालीरीती, देवदेवता, लग्नविधी, बोली यांवर प्रश्न विचारायचे आणि उत्तरं पुस्तकाशी जुळली नाहीत की तू ठाकूर नाहीस, म्हणून मोकळं व्हायचं. ठाकूर समाजाच्या संघटनेने हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. २४ मार्च २०२३ च्या निकालात न्यायमूर्ती अभय ओक यांनी लिहिलं की अशी आप्तभाव चाचणी हा काही एकमेव निकष नव्हे. माणसं शहरात येतात, शिकतात, चाली विसरतात. ठाकूर वस्त्या मोखाड्यात जागोजाग आहेत, तेव्हा हा निकाल इथे थेट कामाचा आहे. मला तो दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. बोली ऐकून माणूस बांगलादेशी ठरवणं ही त्याच चाचणीची कच्ची आवृत्ती आहे. मुर्शिदाबाद आणि राजशाही यांच्यामधून पद्मा नदी वाहते. दोन्ही काठांवरची बोली मुंबईच्या हवालदाराला वेगळी कशी ऐकू यावी? वारली बोली तलासरीत आहे, सीमेपलीकडे गुजरातच्या उंबरगावात आहे, सिल्वासातही आहे. ती ऐकून कुणी राज्य ओळखून दाखवावं.

वनहक्काची गोष्ट याहून बोलकी आहे. २००६ च्या कायद्याने कसत आलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मानला. पुरावा काय? नियमांत कागदांची यादी आहेच, पण त्यात गावातल्या जाणत्या म्हाताऱ्यांचा लेखी घेतलेला जबाबही आहे. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्याने सांगायचं की हा तुकडा याचा बाप कसत होता, मी पाहिलंय. तो जबाब ग्रामसभेपुढे जातो. ज्यांच्या आयुष्याची नोंद सरकारनेच ठेवली नाही, त्यांच्याकडे सरकारी कागद मागणं अन्यायाचं आहे, हे इथे कायद्यानेच ओळखलं. तरी देशभर लाखो दावे फेटाळले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की फेटाळलेल्यांना जमिनीवरून काढा. दहा लाखांहून जास्त दाव्यांचा प्रश्न होता. पालघर, नाशिक, नंदुरबारमध्ये धास्ती पसरली. २८ फेब्रुवारीला त्याच न्यायालयाने आपला आदेश थांबवला आणि राज्यांना विचारलं की दावे फेटाळताना रीत पाळली होती का, कारणं कळवली होती का, ऐकून घेतलं होतं का. राज्यांजवळ धड उत्तर नव्हतं. ‘अतिक्रमण करणारा’ हा शिक्का किती पोकळ असू शकतो, ते त्या दोन आठवड्यांत दिसलं. ‘घुसखोर’ या शिक्क्याला हाच प्रश्न विचारायचा असतो.

सर्वोच्च न्यायालयाने तो विचारलाही. ११ जुलै २०२४ चा निकाल आसाममधल्या एका माणसाचा आहे. परदेशी नागरिक लवादाने त्याला परदेशी ठरवलं होतं. कागदांतल्या नावाच्या स्पेलिंगमध्ये आणि तारखांत तफावत, हा त्यातला मोठा मुद्दा. न्यायालयाने म्हटलं की अशिक्षित, गरीब माणसांच्या कागदांत असे फरक असणारच, तेवढ्यावरून पुरावा फेकून देता येत नाही. पुढचं त्याहून मोलाचं आहे. कलम ९ आहे म्हणून सरकारने कुणाचंही दार ठोठावून, आम्हाला तुझा संशय आहे, आता तू सिद्ध कर, असं म्हणून हात झटकायचे नाहीत. आधी संशयाला आधार असलेलं काही तरी सरकारजवळ हवं आणि ते त्या माणसाला द्यायला हवं. मगच ओझं त्याच्याकडे जातं. काळू आणि काळुरामला या निकालाइतका मोठा दिलासा दुसरा नाही. ज्याच्या नावाने निकाल लागला तो मात्र तोवर वारला होता.

स्थानबद्धतेचा, म्हणजे डांबून ठेवण्याचा भाग याच्या पुढे येतो. परदेशी ठरलेल्या माणसाला परत पाठवायचं, तर तो आमचा आहे असं त्याच्या देशाने म्हणावं लागतं. ते म्हणेपर्यंत त्याला कुठे ठेवायचं? तो शिक्षा भोगणारा कैदी नव्हे, त्यामुळे तुरुंगात ठेवता कामा नये. जानेवारी २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना यासाठी आदर्श नियमावली पाठवली. कुटुंबं फोडू नयेत, वैद्यकीय सोय असावी, असं तीत आहे. त्याच वर्षी नेरूळला असं केंद्र काढण्याची हालचाल झाली, मग सरकार बदललं आणि ती बारगळली. आसाममध्ये गोलपाडा जिल्ह्यात मातिया इथे मोठं केंद्र उभं राहिलं. तिथे डांबलेल्यांचा पत्ता ठाऊक नाही म्हणून त्यांना पाठवता येत नाही, असं आसाम सरकारने ४ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, तेव्हा न्यायमूर्ती ओक यांनी विचारलं की कसल्या मुहूर्ताची वाट पाहताय? त्यांच्या प्रश्नाला दोन धारा होत्या. परदेशी आहेत तर पाठवा. पाठवत नसाल तर वर्षानुवर्षं कोंडून ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही. याआधी २०१९ मध्ये न्यायालयाने तीन वर्षांहून जास्त कोंडलेल्यांना जामिनावर सोडायला सांगितलं होतं. २०२० मध्ये ती मुदत दोन वर्षांवर आणली आणि जामिनाची रक्कम लाखावरून पाच हजारांवर.

महाराष्ट्रातला तडीपारीचा कायदा याच्या शेजारी ठेवून पाहा. एखाद्या गुंडाला पालघर जिल्ह्यातून तडीपार करायचं, तर महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे त्याला लेखी नोटीस द्यावी लागते. आरोपांचं साधारण स्वरूप सांगावं लागतं. तो खुलासा करू शकतो, साक्षीदार आणू शकतो, वकील उभा करू शकतो. हुकूम दोन वर्षांपेक्षा जास्त नसतो आणि त्यावर सरकारकडे अपील चालतं. जालन्याच्या एका प्रकरणात २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अशी हद्दपारी हा असामान्य उपाय आहे, तो जपून वापरा, अशी तंबी दिली. दोन वर्षांसाठी जिल्ह्याबाहेर, म्हणजे फार तर नाशिकला जाऊन राहायचं. त्यासाठी एवढी रीत. आणि देशाबाहेर, तेही परत यायची वाट नसताना, चार दिवसांत?

आपली माणसं दुसऱ्याच्या हाती असतात तेव्हा हे आपल्याला चटकन कळतं. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. त्यांत महाराष्ट्राचे तिघे होते. हातात बेड्या, पायात साखळ्या. देशभर संताप उसळला, संसदेत गोंधळ झाला. ती माणसं बेकायदा गेली होती, हे कुणी नाकारलं नाही. राग होता तो वागवण्याचा. आणि त्या रागाला आपल्याकडे कायद्याचा आधारही आहे. अटकेतल्या माणसाला सरसकट बेड्या घालू नयेत, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवलंय.

पोलीस ठाण्यात हे सगळं कुठे घसरतं, ते पाहायचं तर पहिल्या रात्रीकडे पाहावं. अटक केली नाही, नुसतं चौकशीसाठी आणलंय, हे ठरलेलं उत्तर. अटक नाही म्हणून डायरीत नोंद नाही, नोंद नाही म्हणून २४ तासांचं घड्याळ सुरू नाही. मुंबई उच्च न्यायालयाने हा डाव १९९० मध्येच मोडून काढला होता. माणसाला जिथून हलू देत नाहीत, त्या क्षणापासून अटक सुरू, मग डायरीत काहीही लिहा. अटक झाली की नातलगाला कळवणं हे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही बंधनकारक आहे. संशयितासाठी हा फोन सगळ्यांत मोलाचा, कारण कागद गावाकडे असतात. फोनच गेला नाही तर ते येणार कुठून?

वकिलाचंही तसंच. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ मध्ये फुकट वकील कुणाला, याची यादी कलम १२ मध्ये आहे. अनुसूचित जमातीचा माणूस तीत आहे, बाई आहे, आणि कोठडीत असलेली कुठलीही व्यक्ती आहे. त्यातही नागरिक असण्याची अट नाही. खोडाळ्याचा वारली आणि नालासोपाऱ्याच्या कोठडीतला संशयित बंगाली एकाच कलमाखाली शेजारी-शेजारी उभे आहेत. मदतीचा क्रमांक १५१००. तो दोघांनाही बहुधा माहीत नसतो.

६ नोव्हेंबर २०२५ रोजी यात एक भर पडली, आणि ती मुंबईतूनच. वरळीत बीएमडब्ल्यू गाडीने एका बाईला चिरडल्याचं प्रकरण वाचकांना आठवत असेल. त्यातल्या आरोपीने मला अटकेची कारणं लेखी दिली नाहीत, अशी तक्रार केली होती. सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने निकाल दिला की गुन्हा कुठलाही असो, अटकेची कारणं लेखी द्यायची, आणि तीही अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, दंडाधिकाऱ्यासमोर नेण्याच्या निदान दोन तास आधी कागद हातात पडला पाहिजे. नाही पडला तर अटक बेकायदा. पैसेवाल्या घरच्या पोराने लढवलेला मुद्दा उचलून धरलेल्या गवंड्याच्या उपयोगी पडावा, हे कायद्यात नेहमीचंच आहे.

आता वसई तालुक्यातल्या एखाद्या ठाण्यात रात्री अकरा वाजता बंगालीत चार ओळी लिहून देणारं माणूस शोधावं लागेल. सुरत-वापीच्या ठाण्यात मोखाड्याचा कातकरी बसवला असेल तर गुजराती हवालदाराला मराठी लिहिणारा शोधावा लागेल, आणि तो कातकरी वाचू शकत नसेल तर वाचून दाखवणाराही. ही माणसं कुठून आणायची, दुभाष्यांची यादी कोण ठेवणार, त्यांना पैसे कोण देणार, हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि पोलिसांनी बसून ठरवायचं काम आहे.